जेरुसलेमचा सातबारा कोणाच्या नावावर?

फिरस्ता_वाईकर (धागाकर्ता)

२०१९च्या फेब्रुवारीत कामानिमित्त तेल अवीवला गेलो होतो. विमानतळावरच्या मुलीने पासपोर्टवर शिक्का न मारता निळसर कागदाची एक चिठ्ठी हातात ठेवली. आपण या देशात येऊन गेल्याची खूण पासपोर्टवर नको, उद्या दुसऱ्या कुठल्या देशाने त्यावर हरकत घ्यायला नको, म्हणून. तेव्हा गंमत वाटली. दोन दिवसांनी जेरुसलेमला गेलो आणि लक्षात आलं, की नोंद न करणं ही तिकडे कारभाराचीच एक रीत आहे.

जुनं शहर म्हणजे तटाच्या आतलं. धड एक चौरस किलोमीटरही भरत नाही. तट सुलतान सुलेमानाने सोळाव्या शतकात बांधलेला. आत मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू आणि आर्मेनियन असे चार मोहल्ले. आमच्या वाईचे सातही घाट सावकाश बघायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात ज्यूंची पवित्र पश्चिम भिंत, ख्रिस्ताच्या पवित्र कबरेचं चर्च आणि अक्सा मशिदीचं आवार तिन्हीकडे जाऊन येता येतं. (म्हणजे जाता आलं तर. आवारात बिगरमुसलमानांना ठरावीक वेळीच सोडतात आणि शुक्रवार-शनिवारी अजिबात नाही. मी नेमका शुक्रवारी पोचलो. सोनेरी घुमट लांबूनच पाहिला.)

मी अडकलो तो एका शिडीपाशी. पवित्र कबरेच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर, उजवीकडच्या खिडकीखाली, अरुंद सज्जावर एक लाकडी शिडी टेकवून ठेवली आहे. रंगारी जेवायला गेला आणि परत आलाच नाही, अशी दिसते. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती तिथेच आहे. चर्चमध्ये सहा पंथांचे हक्क आहेत: ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. कुठला खांब कोणाचा, कुठला दिवा कोणी लावायचा, कुठली पायरी कोणी झाडायची, हे ऑटोमन सुलतानांच्या १७५७ आणि १८५२च्या फर्मानांनी गोठवून टाकलं. सगळ्यांची संमती असल्याशिवाय काही हलवायचं नाही. म्हणून शिडीही हलत नाही. या व्यवस्थेला ते जे म्हणतात त्याला आपल्याकडे कोर्टकचेरीतला नेमका शब्द आहे: 'जैसे थे'.

आता शहराचं राजकारण, थोडक्यात. २९ नोव्हेंबर १९४७ला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. त्यात जेरुसलेम ना ज्यू राष्ट्राला दिलं, ना अरब राष्ट्राला. बेथलेहेमसकट वेगळं काढून संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. ठराव कागदावरच राहिला. १९४८च्या युद्धात पश्चिम भाग इस्राएलने घेतला, पूर्व भाग जुन्या शहरासकट जॉर्डनने. १९६७च्या जूनमध्ये इस्राएलने पूर्व भागही जिंकला. १९८० साली 'अखंड जेरुसलेम हीच राजधानी' असा कायदा केला. सुरक्षा परिषदेने ठराव ४७८ करून तो रद्दबातल ठरवला (१४ विरुद्ध ०, अमेरिका तटस्थ), आणि तिथे असलेले १३ देशांचे दूतावास तेल अवीवला गेले. पॅलेस्टिनी म्हणतात, पूर्व जेरुसलेम ही आमची राजधानी. ६ डिसेंबर २०१७ला ट्रम्पनी इस्राएलचा दावा मान्य केला, मे २०१८मध्ये अमेरिकेचा दूतावास तिकडे हलला.

माझं म्हणणं एवढंच. या गावात वहिवाटदार रग्गड आहेत, पण मालक ठरवायला बसलं की रक्त सांडतं. मग मालकाचा रकाना कोराच का ठेवू नये? आमच्या वाड्याच्या सामायिक विहिरीवर चार भाऊबंदांच्या पाळ्या होत्या. विहीर कोणाची, हा दावा आजोबांपासून काकांपर्यंत चालला. पाणी मात्र एक दिवस बंद पडलं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

खमंग_काकडी

वाचतोय. दाणे भाजायला टाकलेत. हा धागा शंभरी गाठणार.

---

तलाठीतात्या

वाईकर, छान लिहिलंय, पण आयुष्य महसूल खात्यात गेलं म्हणून दोन गोष्टी. एक, गावठाणाला आणि शहराला सातबारा नसतो, मालमत्ता पत्रक असतं. दोन, सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हेच. ते महसूल वसुलीचं दप्तर आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, इतकंच. निम्म्या महाराष्ट्राने या एका गैरसमजापायी वकिलांची घरं बांधून दिली आहेत.

बाकी तुमचा दाखला तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त खरा आहे. पूर्व जेरुसलेममधल्या बहुतेक जमिनीची मालकी नोंदलेलीच नाही. जॉर्डनच्या काळात हक्कनोंदणी सुरू झाली होती, १९६७ला इस्राएलने ती थांबवली आणि पन्नास वर्षं ती तशीच पडून राहिली. २०१८ साली सरकारने पुन्हा सुरू केली. आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, कागद झाले. पण नोंदणी सुरू झाली की जो वारस परदेशात आहे त्याच्या हिश्श्याचं काय, हा प्रश्न येतो, आणि तिथे १९५०चा 'गैरहजर मालकांचा' कायदा उभा आहे. गैरहजराची मालमत्ता सरकारी अभिरक्षकाकडे. त्यामुळे तिकडचे लोक मोजणीदार दारात आला की पाणी विचारत नाहीत, वकिलाला फोन लावतात.

आणखी एक. १९७०च्या कायद्याने १९४८पूर्वी पूर्व भागात ज्यूंची जी मालमत्ता होती ती त्यांना परत मागता येते. पश्चिम भागात पॅलेस्टिनींची जी घरं गेली ती त्यांना तशी परत मागता येत नाहीत. पूर्व जेरुसलेममधल्या शेख जर्राह वस्तीचं प्रकरण यातलंच. १९५६ साली जॉर्डन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २८ कुटुंबं तिथे वसवली, आणि पुढे त्यांच्यावर खाली करण्याचे दावे लागले. २०२१च्या मे महिन्यात तिथूनच पेटलं होतं.

आणि गंमत म्हणून सांगतो, इस्राएलची संसद ज्या जमिनीवर उभी आहे ती ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चची, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. म्हणजे सार्वभौम संसदही कूळच.

---

सह्याद्रीचा_वारा

एवढं गुऱ्हाळ कशाला? तीन हजार वर्षांपूर्वी दावीद राजाने राजधानी केली. तेव्हा बाकीचे दोन धर्म जन्मालाही आले नव्हते. विषय संपला.

---

तलाठीतात्या

@सह्याद्रीचा_वारा: दाविदाच्या आधी तिथे यबूसी राहत होते, असं बायबलच सांगतं. त्यांचे वारस हजर झाले तर नोटीस कोणाला काढू?

---

वसईकर

आमच्या धर्मग्रामातून फादरांबरोबर पवित्र भूमीची यात्रा झाली, त्यात मी आणि आई होतो. वाईकरांनी शिडी पाहिली, मी संध्याकाळी दार बंद होताना पाहिलं. ते सांगतो.

चर्चची किल्ली मुसलमानांकडे आहे. जुदेह घराण्याकडे किल्ली, आणि कुलूप उघडायचा-लावायचा मान नुसैबे घराण्याचा. सलाउद्दीनाने ११८७ साली शहर घेतलं तेव्हापासूनचा हा मान, असं ते सांगतात. लोखंडी, हातभर किल्ली. दाराला दोन कुलपं, त्यातलं वरचं हाताला पोचत नाही. दार लोटलं, आणि त्यातल्या छोट्या चौकोनी झडपेतून आतल्या पाद्र्यांनी शिडी बाहेर सरकवली. (ही वेगळी, रोजच्या वापरातली.) मुसलमान गृहस्थ तिच्यावर चढले, वरचं कुलूप लावलं, उतरले, खालचं लावलं आणि शिडी झडपेतून परत आत दिली. आत रात्रभर तीन पंथांचे साधू कोंडलेले. बाहेर आमची आई जपमाळ हातात धरून रडत होती. मी मात्र विचार करत होतो, की किल्ली एकाकडे, कुलूप दुसऱ्याकडे आणि शिडी तिसऱ्याकडे, ही काय डोकॅलिटी आहे! एकाने रुसायचं ठरवलं तर चर्च उघडणारच नाही.

पण 'जैसे थे' म्हणजे गुण्यागोविंदाने नांदणं, असं वाईकरांना वाटत असेल तर गच्चीवर जाऊन यावं. चर्चच्या छपरावर इथिओपियन साधूंच्या मातीच्या झोपड्या आहेत. त्या जागेवरून त्यांचं आणि कॉप्टिक साधूंचं जुनं भांडण. आपला हक्क दाखवायला एक कॉप्टिक साधू तिथे खुर्ची टाकून बसतो. २००२च्या उन्हाळ्यात त्याने ऊन लागतं म्हणून खुर्ची जरा सावलीत सरकवली. इथिओपियनांनी ते अतिक्रमण मानलं. मारामारी झाली, अकरा जण इस्पितळात. खुर्ची वीतभर सरकल्याचा हा हिशेब.

आणि मुख्य कबरेवरचं छोटं देऊळ पडायला आलं होतं. १९४७ साली इंग्रजांनी जाताजाता लोखंडी तुळया लावून ते आवळून ठेवलं. पंथांचं एकमत होऊन खरी दुरुस्ती सुरू व्हायला २०१६ उजाडलं. तोवर ख्रिस्ताची कबर कैचीत होती.

---

फिरस्ता_वाईकर

@वसईकर: तुळयांचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

@तात्या: मालमत्ता पत्रक मान्य. शीर्षक आता बदलत नाही, 'जैसे थे'.

तुमच्या मोजणीदारावरून एक आठवलं. १९४८च्या नोव्हेंबरात इस्राएलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल यांनी युद्धबंदीची रेषा नकाशावर आखली. दोघांनी आपापल्या जाड पेन्सिलीने. नकाशा एकास वीस हजारच्या प्रमाणाचा. पेन्सिलीची जाडी तीन-चार मिलिमीटर धरली तरी जमिनीवर ती साठ-ऐंशी मीटर भरते. म्हणजे पेन्सिलीच्या जाडीखाली घरंच्या घरं आली. ती कोणाची? दोन रेषांच्या मधली जागा कोणाची? कोणाचीच नाही. तिथे काटेरी तारा, सुरुंग आणि उकिरडे.

१९५६ साली त्या कोणाच्याच नसलेल्या पट्ट्यात एका रुग्ण बाईची कवळी पडली. सरहद्दीला लागून असलेल्या इमारतीच्या खिडकीत उभी असताना खोकला आला आणि कवळी खाली. ती आणायला दोन्ही बाजूंची परवानगी, संयुक्त राष्ट्रांचा अधिकारी, पांढरं निशाण आणि शोधायला जोगिणी, म्हणजे नन. कवळी सापडली, बरं का. फोटो आहे.

---

रेवदंडा_ते_अश्दोद

मी सहसा नुसती वाचते, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. आमचं घर रेवदंड्याचं, पूर्वज तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. आम्ही १९७१ साली इकडे, इस्राएलला आलो. वडील वल्हांडण सणाच्या रात्री शेवटी म्हणायचे, "पुढल्या वर्षी यरुशलेमात." रेवदंड्याच्या घरात, कंदिलाच्या उजेडात, समोर समुद्र. माझ्या आजोबांनी म्हटलं, पणजोबांनी म्हटलं. कोणी तिथे जाईल अशी कोणालाच आशा नव्हती. म्हणायचं म्हणून म्हणायचे. तेव्हा कोणी "विषय संपला" म्हटलं तरी मला रुचत नाही आणि कोणी "रकाना कोरा ठेवा" म्हटलं तरी रुचत नाही.

काका आमच्या आधी आले, बीरशेबाला होते. १९६७पर्यंत त्यांना पश्चिम भिंत बघता आली नाही. युद्धबंदीच्या करारात ज्यूंना पवित्र जागी जाऊ देण्याचं कलम होतं, प्रत्यक्षात जॉर्डनने एकोणीस वर्षं कोणाला सोडलं नाही. काका सियोन डोंगरावरच्या दाविदाच्या कबरीच्या गच्चीवर जाऊन तटाकडे बघत उभे राहायचे. भिंत दिसायची नाही, दिशा दिसायची. ज्यू मोहल्ल्यातलं हुर्वा सिनेगॉग १९४८ साली उडवलं, जैतुनाच्या डोंगरावरच्या कबरींचे दगड उपटून बांधकामाला वापरले. तुमच्या 'जैसे थे'मध्ये हे पण येतं का, वाईकर?

पण दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर खोटं पडेल. इथल्या मुख्य रब्बींनी साठ सालानंतर फतवा काढला, की बेने इस्राएलांशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या आईच्या बाजूच्या पिढ्या तपासा. आम्ही खरे ज्यू आहोत का, याचीच शंका! १९६४च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमात धरणं धरलं, काका त्यात बसले होते. मग ती अट गेली. तेव्हा ते शहर कोणाचं, हे तुम्ही लोक विचारता. मला आठवतं ते हे, की शहरानेच आम्हाला विचारलं होतं, तुम्ही कोण?

(इथे 'मायबोली' नावाचं आमचं मराठी मासिक निघायचं. मराठी टायपिंग नातवाने शिकवलं, चुका असतील तर पोटात घाला.)

---

खमंग_काकडी

मावशी, दंडवत. दाणे खाली ठेवले.

---

दर्यावर्दी_दोहा

मावशींचा प्रतिसाद वाचून दोनदा लिहिलं आणि पुसलं. पण लिहितो.

माझ्या ऑफिसातला एक जण पूर्व जेरुसलेमचा. त्याचे कागद बघा. इस्राएलचं निळं ओळखपत्र, त्यावर तो 'कायमचा रहिवासी'. नागरिक नाही. प्रवासाला जॉर्डनचा पासपोर्ट, पण तात्पुरता, त्याने जॉर्डनचं नागरिकत्व मिळत नाही. पालिकेत मत देता येतं (बहुतेक जण देत नाहीत, दिलं तर कब्जा मान्य केल्यासारखं होईल म्हणून), संसदेला देता येत नाही. घरपट्टी भरायची. आणि 'आयुष्याचं केंद्र' जेरुसलेममध्येच आहे हे विजेची बिलं, मुलांच्या शाळेच्या पावत्या दाखवून सिद्ध करत राहायचं. परदेशात जास्त वर्षं राहिला की रहिवास जातो. १९६७पासून १४ हजारांहून अधिक लोकांचा असा गेला आहे. जन्मलेल्या गावात परत जायचं, तर पर्यटक म्हणून. हा माणूस दोह्यात नोकरी करतो आणि दर वर्षी त्याच्या पोटात गोळा येतो. मी त्याला विचारलं, तू कुठला? म्हणाला, "अल-कुद्सचा." (जेरुसलेमचं अरबी नाव.) देश विचारला, तर हसला.

शहराची जवळपास चाळीस टक्के वस्ती अशी आहे.

काफर अकब नावाचा एक भाग पालिकेच्या हद्दीत आहे, पण २००२नंतर बांधलेल्या सिमेंटच्या भिंतीच्या पलीकडे पडला. तिथे पालिका घरपट्टी घेते आणि कचरा उचलायला येत नाही. तरी लोक तिथे दाटीवाटीने राहतात. कारण भाडं परवडतं आणि पत्ता जेरुसलेमचाच राहतो. वाईकर, तुम्ही म्हणता मालकाचा रकाना कोरा ठेवा. रकाना कोरा नाहीये हो. पेन्सिलीने भरलेला आहे, आणि पेन्सिल एकाच माणसाच्या हातात आहे.

---

सह्याद्रीचा_वारा

मग अरबांनी १९४७ला फाळणी का नाकारली? आता रडून काय उपयोग? आणि आपल्याकडच्या पुरोगाम्यांना काश्

*[संपादक: उरलेला मजकूर काढला आहे. आपल्याकडच्या निवडणुका, पक्ष आणि मंदिर-मशीद या धाग्यात आणू नयेत. विषय जेरुसलेम आहे.]*

---

जुनी_कात्रणं

नाकारण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं, की १९४७च्या त्या ठरावाविरुद्ध भारतानेही मत दिलं होतं. ३३ विरुद्ध १३, तटस्थ १०. त्या १३मध्ये आपण. त्याआधी पॅलेस्टाइनसाठी नेमलेल्या समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल दिला होता: फाळणी नको, एक संघराज्य करा आणि जेरुसलेम त्याची राजधानी. नुकतीच स्वतःच्या घरात फाळणी होत असलेल्या देशाने तसं म्हणावं, यात नवल नाही. कोणीच ऐकलं नाही.

पुढे १९५०मध्ये आपण इस्राएलला मान्यता दिली, पण पूर्ण संबंध १९९२ला. मधल्या काळात इस्राएलची वकिलात दिल्लीत नाही, मुंबईत! पॅलेस्टाइनला मान्यता १९८८ला. आपला दूतावास आजही तेल अवीवला, पॅलेस्टाइनसाठीची कचेरी रामल्लाला. २१ डिसेंबर २०१७ला अमेरिकेच्या निर्णयाविरुद्धचा ठराव महासभेत आला, तेव्हा बाजूने पडलेल्या १२८ मतांत भारताचंही होतं. ९ विरोधात, ३५ तटस्थ. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान इस्राएलला जाऊन आले होते, आणि पुढच्या फेब्रुवारीत रामल्लालाही. दोन्ही डगरींवर हात कसा ठेवायचा याचा तो वस्तुपाठच.

पण मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती जेरुसलेममधल्या जुन्या वकिलाती. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, इटली वगैरेंच्या वकिलाती तिथे फार पूर्वीपासून आहेत. त्या इस्राएलकडे नेमलेल्या नाहीत. पॅलेस्टाइनकडेही नाहीत. नुसत्या 'जेरुसलेममध्ये' आहेत. १९४७चा ठराव ज्या शहराबद्दल होता ते शहर जणू अजून अस्तित्वात आहे, अशा थाटात. अमेरिकेचीही अशी एक होती, २०१९मध्ये दूतावासात विलीन झाली.

युनेस्कोचंही तसंच. जुनं शहर आणि तट १९८१ साली जागतिक वारशात गेले, जॉर्डनच्या प्रस्तावावरून. त्या यादीत प्रत्येक स्थळापुढे देशाचं नाव असतं. इथे देश नाही. 'जॉर्डनने सुचवलेलं' एवढाच उल्लेख.

अमेरिकेत तर जेरुसलेममध्ये जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टवर जन्मदेश काय लिहायचा यावर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ साली निकाल लागला, की हे राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचं, काँग्रेसने नाही. त्यामुळे २०२०पर्यंत त्या रकान्यात नुसतं 'जेरुसलेम'. दर्यावर्दींच्या मित्राचं हसू इथेही लागू पडतं.

(अवांतर: तटाच्या आत, हेरोद दरवाज्याजवळ एक हिंदी धर्मशाळा आहे. सूफी संत बाबा फरीद तिथे राहिले होते अशी श्रद्धा. १९२४पासून सहारनपूरहून गेलेलं अन्सारी घराणं ती सांभाळतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिक तिथे सुट्टीवर येत. वाईकरांनी पाहिली नसेल तर मोठी चूक केली.)

---

फिरस्ता_वाईकर

नाही पाहिली. हळहळलो.

मावशी, दर्यावर्दी, दोघांचंही वाचून गप्प झालो होतो. माझी विहीर बहुतेक चुकली. आमच्याकडे चौघांनाही रहाटापर्यंत पोचता येत होतं, हे मी धरूनच चाललो होतो.

पण मग एक विचारतो. हरम-अल-शरीफ, म्हणजे अक्सा मशिदीचं आवार, ज्यूंचा मंदिराचा डोंगर, तिथली व्यवस्था १९६७नंतर दायाननी जवळजवळ तशीच ठेवली ना? बंदोबस्त इस्राएलचा, आतला कारभार जॉर्डनच्या वक्फकडे, पगार जॉर्डन देतं. १९९४च्या तहात इस्राएलने जॉर्डनची खास भूमिका मान्य केली. बिगरमुसलमानांनी यावं, पाहावं, प्रार्थना करू नये. शिवाय मुख्य रब्बींनीच पाटी लावून ज्यूंना वर जायला मनाई केलेली, कारण चुकून जुन्या मंदिरातल्या परमपवित्र जागेवर पाय पडायचा. म्हणजे जिंकणाऱ्यानेही 'जैसे थे' ठेवलं. हे शहाणपण नव्हे?

---

तलाठीतात्या

वाईकर, उत्तर देतो आणि मग देवपूजेला उठतो.

'जैसे थे' हा निकाल नसतो, अंतरिम आदेश असतो. तो देताना कोर्ट बघतं, आज कब्जा कोणाचा? म्हणजे आदल्या रात्री कुंपण सरकवून ठेवलं, तर सकाळचा 'जैसे थे' सरकवलेल्या कुंपणासकट. आमच्याकडे हा धंदा सगळ्यांना पाठ आहे. शुक्रवारी संध्याकाळी जेसीबी येतो, कारण सोमवारपर्यंत कोर्ट बंद.

तुम्ही पश्चिम भिंतीपुढचं प्रशस्त पटांगण पाहिलंत ना? १९६७च्या जूनच्या सात तारखेला शहर घेतलं. दहा तारखेच्या रात्री तिथला मोरोक्कन मोहल्ला पाडायला बुलडोझर लागले. सव्वाशेच्या वर घरं. ती वस्ती सलाउद्दीनाच्या मुलाने बाराव्या शतकात वक्फ करून दिलेली होती. रहिवाशांना सामान काढायला फार वेळ मिळाला नाही. युद्ध संपलं, जगाने 'जैसे थे' म्हटलं, तेव्हा पटांगण तयार होतं. महिनाअखेर शहराची हद्दही वाढवली. जॉर्डनच्या काळात पूर्व जेरुसलेम सुमारे सहा चौरस किलोमीटर होतं, आजूबाजूची गावं धरून सुमारे सत्तर झालं. आज 'पूर्व जेरुसलेम' म्हणून आपण ज्यावर वाद घालतो त्याचा बहुतेक भाग तेव्हा जेरुसलेम नव्हताच, शिवार होतं.

आणि डोंगरावरचं म्हणाल, तर तिथेही खुर्ची सरकतेच आहे. अलीकडच्या वर्षांत ज्यू गट वर जाऊन प्रार्थना करतात, पोलीस काणाडोळा करतात, मंत्रीही जातात. उलट बाजूने बघा, १९६९ साली एका माथेफिरू ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माणसाने अक्सा मशिदीला आग लावली, सलाउद्दीनाच्या काळचा लाकडी मिंबर (प्रवचनाचं व्यासपीठ) जळाला, आणि सुमारे महिनाभरात मुस्लिम देशांची संघटना उभी राहिली. इतकी नाजूक जागा. म्हणून मी तुमच्या विरुद्ध नाही. आहे ते मोडू नये, हे बरोबर. फक्त त्याला न्याय म्हणू नका. स्थगिती म्हणा.

---

रेवदंडा_ते_अश्दोद

तात्या, त्या पटांगणात माझे वडील १९७१ साली पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा चपला काढून उभे होते. सवयीने. भोवतीचे हसले. तिथे घरं होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही, मलाही खूप उशिरा कळलं. कळल्यावर मी जायची थांबले नाही. पण आता गेले की खाली बघते.

---

दर्यावर्दी_दोहा

मावशी, हे मी त्याला वाचून दाखवलं. त्याने तुम्हाला सलाम सांगितला आहे. आणि विचारतोय, चपला का काढल्या?

---

रेवदंडा_ते_अश्दोद

त्याला म्हणावं, रेवदंड्याला देवाच्या दारात सगळेच काढायचे.

---

जुनी_कात्रणं

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. पॅराग्वेने २०१८च्या मे महिन्यात आपला दूतावास जेरुसलेमला नेला होता. सप्टेंबरात सरकार बदलल्यावर परत तेल अवीवला आणला. आता डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा जेरुसलेमला नेला आहे.

---

फिरस्ता_वाईकर

तात्या, फेरफार नोंदवून घ्या.

---

तलाठीतात्या

नोंदवला. हरकती मागवल्या आहेत.